भावाचा बायपोलर आजार, विद्यापीठाचं संशोधन आणि आमचा कुलवृत्तांत: माहिती द्यावी का?

सुरसागरकाठ (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले. आज पहिल्यांदा लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की कोणीतरी उठून आत जातं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. पाच पिढ्या इथेच. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जातं. निदान होऊन नऊ वर्षं झाली. पहिला झटका नवरात्रात सुरू झाला. नऊ रात्री गरबा, पहाटे तीनला घरी, सकाळी सातला कामावर. दसऱ्यापर्यंत आम्ही म्हणत होतो, पोरगं किती खुशीत आहे! कोजागिरीला त्यानं गच्चीवर पंचवीस लिटर दूध आटवायला ठेवलं आणि खाली उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना वर बोलवायला लागला. त्याला झोपून सहा रात्री झाल्या होत्या. दिवाळीनंतर तोच मुलगा चार महिने पलंगावरून उठला नाही. आंघोळीला चल म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या.

आता तो लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर आहे, बरा आहे, नोकरी करतो. मागच्या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाहेरगावच्या एका विद्यापीठाचे संशोधक अशी कुटुंबं शोधताहेत जिथे मूडचे आजार एकाहून जास्त पिढ्यांत दिसतात. आजारी माणसाचं आणि घरातल्या दोन निरोगी माणसांचं रक्त, सविस्तर मुलाखत, स्मरणशक्तीच्या आणि लक्ष एकाग्र करण्याच्या काही चाचण्या, आणि तीन पिढ्यांचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याला आजार होता त्याचं चिन्ह काळं भरायचं.

भाऊ तयार आहे. नाना (आमचे वडील, वय ७१) म्हणाले, "आपल्या घराण्यात असलं काही नाही." विषय संपला.

पण आमचा छापील कुलवृत्तांत नानांच्याच कपाटात आहे. त्यात नानांच्या काकांपुढे लिहिलंय, "अविवाहित. अल्पवयात निवर्तले." नानांच्या आत्यापुढे तर नाव आणि "माहेरीच राहिल्या" एवढंच. ते का, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोललेलं नाही. लहानपणी आमच्याकडे "कारेलीबाग" (बडोद्याचं मनोरुग्णालय तिथे आहे) हा शब्दसुद्धा आवाज खाली करून उच्चारायचे.

या संशोधनातून नक्की काय निघतं? कोणी असा नमुना दिलाय का? आणि नानांशी कसं बोलू?

मांडवीकर (मंगळवार, सकाळी ७.०५)

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमच्या भावाच्या गोळीचीच गोष्ट सांगतो, ती नानांनाही ऐकवा.

लिथियमचा शोध मोठ्या प्रयोगशाळेत लागलेला नाही. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर, युद्धकैदी म्हणून जपान्यांच्या छावणीत तीन वर्षांहून अधिक काढून परत आलेला. मेलबर्नजवळच्या रुग्णालयात एका रिकाम्या खोलीत गिनीपिगवर प्रयोग करत होता. त्याची मूळ कल्पना चुकीची होती. मेनियाच्या (आजारातल्या अतिउत्साहाच्या टप्प्याच्या) रुग्णांच्या लघवीत काहीतरी विषारी असावं असं त्याला वाटत होतं. युरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यानं लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत झाले. मग माणसांना दिलं. १९४९ साली त्यानं दहा मेनिया रुग्णांबद्दल लिहिलं. पहिला रुग्ण पन्नाशीतला, वर्षानुवर्षं वॉर्डात असलेला गृहस्थ, काही महिन्यांत घरी आणि जुन्या नोकरीवर गेला.

आता यातला दुःखद भाग. त्याच माणसानं पुढे गोळी सोडली, आजार उलटला, पुन्हा गोळी सुरू केली आणि १९५० साली तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. रक्तातलं प्रमाण मोजायची तेव्हा पद्धतच नव्हती. ती बसवली मेलबर्न विद्यापीठातल्या ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९५१ च्या सुमारास. पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी नीट तुलना करून चाचण्या घेतल्या. शौ यांचा स्वतःचा भाऊ पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यानं ग्रासलेला होता. १९७० च्या त्यांच्या चाचणीत लिथियमवर ठेवलेल्या ४५ जणांपैकी एकालाही काही महिन्यांत झटका आला नाही. ज्यांना न सांगता खोटी (औषध नसलेली) गोळी दिली त्या ३९ पैकी २१ जणांना आला.

तुमचा भाऊ आज नोकरी करतो त्यामागे हे चौऱ्याऐंशी रुग्ण उभे आहेत. त्यांच्याही घरी कोणीतरी नाना असतीलच.

एक_शंका (मंगळवार, दुपारी १.४०)

मांडवीकर काकांबद्दल आदर आहे, पण मी विरुद्ध बाजूनं लिहितो. माझी बायको अकरा वर्षं डिप्रेशनशी झगडतेय. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, मधुमेहात इन्सुलिन कमी होतं तसं. आम्ही विश्वास ठेवला. मग २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मंडळींनी सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि सांगितलं, सेरोटोनिन कमी असतं याला सातत्यानं टिकणारा पुरावाच नाही. मग इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होते?

जनुकांचंही तेच. आज एक जनुक सापडलं, उद्या ते नाही म्हणे. रक्त आपलं, माहिती आपली, लाज आपली. पेपर त्यांचे, बढती त्यांची. आमच्या घरात ताटात काय पडलं? आणि उद्या घरातल्या मुलीचं लग्न ठरताना हा काळा भरलेला चौकोन कोणाच्या हाती लागला तर?

निशिगंध (मंगळवार, रात्री १०.३०)

मी पुण्यात सायकिअ‍ॅट्रीत एमडी करतेय, तिसरं वर्ष. एक_शंका, तुमचा राग मला पटतो. "सेरोटोनिन कमी" हे वाक्य आम्ही लोकांनी सोयीसाठी वापरलं. रुग्णाला अपराधी वाटू नये म्हणून वापरलं, पण ते अर्धवट होतं आणि पुरतं खरं नव्हतं.

ते आलं कुठून हे सांगते, कारण त्यात आपलीच मुळी आहे: सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर तिचा उपयोग लिहून ठेवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी रक्तदाबावरचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातून निघालेलं रेझर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाले, आणि हे औषध मेंदूतलं सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनालिन रिकामं करतं हेही कळलं. उलट टीबीच्या इप्रोनियाझिड या औषधानं रुग्ण ताजेतवाने झाले, आणि ते हीच रसायनं टिकवून धरतं. दोन्ही जोडून सिद्धान्त बनला. पुढे कळलं की रेझर्पिनचा नैराश्याशी संबंध वाटला तितका पक्का नव्हता.

कारण चुकलं म्हणून उपचार खोटा ठरत नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं ५२२ चाचण्या, एक लाखाहून जास्त रुग्ण आणि २१ औषधं एकत्र तपासली. प्रौढांमध्ये सगळीच औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फरक सरासरीनं माफक, पण होता. आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधानं पूर्ण बरे झाले ते सुमारे एक तृतीयांशच. तुमच्या घरची अकरा वर्षं मला त्या उरलेल्या दोन तृतीयांशांत दिसतात. कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, हाच आमच्या शास्त्रातला सर्वात मोठा खड्डा आहे आणि तो रुग्णांकडून शिकल्याशिवाय भरणार नाही.

जनुकांबद्दलही तुम्ही बरोबर आहात. २००३ मध्ये सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचं फार कौतुक झालं. २०१९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या लोकांनी अशा १८ लाडक्या जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर परीक्षा घेतली. एकही टिकलं नाही. त्यातून शिकून पद्धत बदलली. एकच जनुक पकडून बसायचं नाही, सगळा जीनोम, म्हणजे माणसाचा पूर्ण जनुकसंच, चाळायचा. २०२१ च्या बायपोलरच्या अभ्यासात ४१,९१७ रुग्ण होते आणि जीनोममधली आजाराशी जोडलेली ६४ ठिकाणं हाती लागली. प्रत्येकाचा परिणाम मुंगीएवढा. पण ते जवळजवळ बेचाळीस हजार रुग्ण सगळे युरोपीय वंशाचे होते. २०२५ च्या अभ्यासात रुग्ण दीड लाखांच्या वर गेले, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो आले. बडोद्याच्या, इंदूरच्या माणसाचं त्यात काय? म्हणूनच बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्या जीवशास्त्राच्या संस्था एकत्र येऊन एकाच घरात अनेकांना आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करताहेत, रक्तातल्या पेशींपासून मूळपेशी बनवून.

त्या पेशींचं काय करतात हे वाचल्यावर मी रात्रभर जागी होते, म्हणून सांगतेच. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून बशीत चेतापेशी वाढवल्या. त्या निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा फार सहज पेटत होत्या. बशीत लिथियम घातलं. ज्या रुग्णांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं, त्यांच्याच पेशी शांत झाल्या. ज्यांना पडलं नव्हतं त्यांच्या नाहीत.

रामबागवाली (बुधवार, सकाळी ९.१५)

इंदूरहून. माझे यजमान सोळा वर्षं लिथियमवर आहेत. पेशींचं मला कळत नाही, पण मूळ प्रश्नाआधी ताईंना एक गोष्ट सांगायलाच हवी.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात यांना जुलाब झाले, अंग दुखत होतं म्हणून घराजवळच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली. चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी सकाळी पोहे खाताना चमचा तोंडापर्यंत जाईना. हात इतका थरथरत होता की शेव शर्टावर सांडली. बोलणं जड. मला वाटलं अर्धांगवायू. रक्त तपासलं तर लिथियमची लेव्हल १.८. डॉक्टर म्हणाले, १.५ च्या वर धोका. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आणखी वाढतं.

तेव्हापासून फ्रीजवर कागद लावलाय. उलटी-जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन, ताप-दुखण्याला मनानं गोळी नाही, मिठाचं प्रमाण एकाएकी बदलायचं नाही. तुमच्या गुजरातेत अळणी व्रतं असतात ना, ती भावाला करू देऊ नका. लेव्हल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, आणि थायरॉईड व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठरल्या वेळी.

सोळा वर्षांत हे मला कोणी एका जागी बसवून सांगितलं नव्हतं. संशोधन करणाऱ्यांनी हेही करावं की! घरच्या माणसाला काय शिकवलं तर किती झटके टळतात, हे का नाही मोजत?

निशिगंध (बुधवार, दुपारी २.००)

रामबागवाली ताई, मोजतात, आणि मला तेच काम सर्वात जवळचं वाटतं. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात एलन फ्रँक यांनी झोप, जेवण, कामाच्या वेळा यांची घडी बसवण्यावर आधारलेली उपचारपद्धती तयार केली. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात, तीव्र झटक्याच्या काळात जे हे शिकले त्यांचा पुढचा झटका लांबला. धागाकर्तीच्या भावाचा गरबा आठवा. जागरण हे मेनियाचं लक्षणही असतं आणि ठिणगीही.

नैराश्यासाठी आपल्याकडे गोव्याचं काम आहे. तिथे 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं. सहा ते आठ बैठका, भर एवढाच की माणसानं छोटी छोटी कामं पुन्हा हातात घ्यावीत. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. ४९५ लोकांवरची चाचणी. एक_शंका, वहिनींसाठी हे नक्की विचारा.

लष्करकर (बुधवार, रात्री ११.५०)

ग्वाल्हेरहून. या धाग्यावर रुग्ण मीच दिसतोय, म्हणून लिहितो. बायपोलर, निदान वयाच्या २२ व्या वर्षी, आता ४६.

मी अशा एका अभ्यासात नमुना दिलाय. रक्त काढणं पाच मिनिटांचं. मुलाखत अडीच तासांची, आणि मला आठवते ती मुलाखतच. त्या मुलीनं विचारलं, "झटक्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्हाला कसं वाटत होतं?" चोवीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, काय केलंस, किती पैसे उडवलेस, कोणाला शिव्या दिल्यास. मी सांगितलं, रंग जास्त गडद दिसायला लागतात. बाजारातली भाजीसुद्धा. मला खूप आवडतं तेव्हा. ती लिहून घेत होती आणि मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे सांगितल्याबद्दल आभार."

अहवाल काही मिळाला नाही. तो मिळणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, कारण एकट्या माणसाच्या जनुकांवरून आज काही ठामपणे सांगता येत नाही.

एक_शंका साहेब, लग्नाचा प्रश्न खोटा नाही. माझ्या बहिणीचं एक स्थळ माझ्यामुळे मोडलं. पण ते कुठल्या संशोधकाच्या कागदामुळे नाही मोडलं, शेजाऱ्यांच्या तोंडामुळे मोडलं.

ताई, भाऊ तयार आहे म्हणालात. त्याला स्वतःला काय सांगायचंय ते आधी ऐका. नानांशी नंतर बोला.

एक_शंका (गुरुवार, सकाळी ८.२०)

लष्करकर, तुमचं वाचून बायकोलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, रंग फिके होतात तेही कोणी विचारलेलं नाही.

माझा आक्षेप अजून उभा आहे. नमुना द्यायचा तर अटी काय? मला कागदावर काय लिहिलंय ते हवं.

निशिगंध (गुरुवार, रात्री ९.४५)

कागदाबद्दल. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेची २०१७ ची नीतिनियमावली आहे आणि प्रत्येक अभ्यासाला संस्थेच्या नीती समितीची मान्यता लागते. त्या समितीचा संपर्क माहितीपत्रकावर असतो, तो आहे का पाहा. पत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. बडोद्यात गुजराती मिळेलच, नानांना मराठीत वाचून दाखवायला सांगा. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याचा चालू उपचारांवर परिणाम होता कामा नये. नमुन्यावर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. मग विचारा, क्रमांक आणि नाव जोडणारी यादी कोणाकडे, नमुना किती वर्षं ठेवणार, परदेशी पाठवणार का, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असाल तर पुन्हा विचारणार का. एका संमतीखाली सगळं दडपलं असेल तर सही करू नका.

आणि ताई, नाना बहुतेक आजाराला भीत नसावेत. "आमच्या रक्तातून आलं" या दोषाला भीत असावेत. त्यांना हे सांगा: बायपोलर असलेल्याच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार होण्याचं प्रमाण ढोबळ मानानं दहात एक किंवा त्याहून कमी. म्हणजे शंभरातल्या किमान नव्वदांना होत नाही. जनुकांची माती असते, पण जागरण, दारू, आघात, बाळंतपण, अशा कितीतरी गोष्टी पाणी घालतात. बापानं मुलाला दिलेली ही वस्तू नाही.

रामबागवाली (शुक्रवार, सकाळी १०.०५)

नीट लिहिलंस गं. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आत्ता बिकट रात्र चालू असेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र.

सुरसागरकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.२०)

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. एकेक प्रतिसाद चार-चार वेळा वाचलाय.

लष्करकर दादांनी सांगितलं तसं आधी भावाशी बोलले. सयाजीबागेत फिरत होतो. तो म्हणाला, "मला औषध काय लागू पडलं ते माहितीये. पुढच्या मुलाला नऊ महिने चाचपडावं लागू नये, एवढंच." त्याला योग्य गोळी मिळेपर्यंत नऊ महिने गेले होते.

मग माहितीपत्रक मराठीत मागितलं. आठवडा लागला, पण पाठवलं. निशिगंधचे सगळे प्रश्न विचारले. दोन उत्तरं लेखी आली. नमुना परदेशी पाठवण्याच्या रकान्यात आम्ही "नाही" लिहिलं, तरी चालतं म्हणाले.

नानांना मी काही समजावलं नाही. मांडवीकर काकांची शौ आणि त्यांच्या भावाची गोष्ट मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या वर्तमानपत्राखाली ठेवली. दोन दिवस काही बोलले नाहीत. काल दुपारी मी जेवणाच्या टेबलावर तो नकाशा काढत बसले होते. नाना चष्मा लावून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "हे चुकलंय. काका मोठे, आत्या धाकटी." मग आत गेले आणि कुलवृत्तांत घेऊन आले. पेन्सिल माझ्या हातातून घेतली.

आत्याबद्दल मला आजवर एवढंच माहीत होतं की ती मागच्या खोलीत असायची. नाना म्हणाले, ती रात्र-रात्र गायची. अंगणात बसून, मोठ्यानं, सगळी आळी जागी होईपर्यंत. नाना तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना तिचं गाणं इतकं आवडायचं की ते खिडकीत झोपायचे. मग पावसाळ्यात ती गप्प व्हायची आणि दार बंद असायचं. जेवणाचं ताट नाना नेऊन ठेवायचे. एकदा ताट तसंच परत आणलं म्हणून आजीनं त्यांना मारलं होतं.

हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मग वर्तुळावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे काळं करायचं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी हळूहळू, कडेच्या बाहेर न जाता भरलं आणि खाली आत्याचं पूर्ण नाव लिहिलं. काकांच्या चौकोनाशी थांबले. तो अजून मोकळा आहे.

रक्त द्यायला नाना तयार नाहीत, आणि मी पुन्हा विचारणार नाही. निरोगी नातेवाईक म्हणून आई आणि मी जातोय, गुरुवारी सकाळी नऊला. भावानं ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकलीये.